परस्परलंब सममित बहुपदी आणि रूट सिस्टीम : इंदूरच्या अभ्यासवर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

इंदूरच्या आमच्या मराठी अभ्यासवर्गात विश्वविद्यालयाच्या खंडवा रोडवरच्या आवारातली, होळकर कॉलेजातली आणि सिमरोलच्या आयआयटीतली मुलंमुली येतात. काही निवृत्त शिक्षकही नेमाने बसतात. दर नव्या तुकडीबरोबर तेच प्रश्न पुन्हा निघतात, आणि ते चांगले प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. लेजांद्र किंवा चेबिशेव्ह बहुपदी कधीतरी भेटलेल्या असाव्यात, मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढता याव्यात, एवढी तयारी पुरते.

सममित बहुपदी म्हणजे काय, आणि त्यांची “कुटुंबं” कशी होतात?

चलांची कशीही अदलाबदल केली तरी जी बदलत नाही ती सममित बहुपदी. क्ष + य सममित आहे, क्ष·य सममित आहे, क्ष − य नाही. वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज आणि गुणाकार आपण शाळेत काढायचो, तेव्हापासून यांची ओळख आहे.

आता घात ठरवून घ्या, समजा ४, आणि चल निदान चार घ्या. चार घाताच्या सगळ्या सममित बहुपदींचा मिळून एक सदिश अवकाश होतो. त्याची मिती ५, कारण ४ ही संख्या पाच प्रकारे फोडता येते : ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. घात १० असेल (आणि चल पुरेसे असतील) तर मिती ४२. म्हणजे प्रत्येक विभाजनाला एक बहुपदी नेमून दिली की पाया तयार होतो. ही नेमणूक अनेक नियमांनी करता येते. प्रत्येक नियमाचं एक कुटुंब : एकपदींच्या बेरजा, घातांच्या बेरजा, शुर बहुपदी, जॅक बहुपदी, हॉल-लिटलवुड बहुपदी, आणि या सगळ्यांना पोटात घेणाऱ्या मॅकडोनल्ड बहुपदी.

“परस्परलंब” कोणत्या अर्थाने?

लेजांद्र बहुपदींच्याच अर्थाने. दोन वेगळ्या लेजांद्र बहुपदींचा गुणाकार −१ ते १ इंटिग्रेट केला की शून्य येतो. इथे चल अनेक आहेत, म्हणून प्रत्येक चल एकक वर्तुळावर फिरतो असं धरतात, एका बहुपदीला दुसरीच्या संयुग्माने गुणतात, त्यात एक भारफलन घालतात आणि सगळ्या वर्तुळांवर इंटिग्रल घेतात.

सगळी गंमत त्या भारफलनात आहे. चलांच्या प्रत्येक जोडीमधल्या अंतराचा वर्ग घेऊन सगळ्यांचा गुणाकार केला, तर परस्परलंब ठरतात त्या शुर बहुपदी. दोन निश्चयकांच्या भागाकाराचं त्यांचं सूत्र याकोबीच्या काळापासून माहीत होतं. इसाय शुरने १९०१ च्या बर्लिनमधल्या प्रबंधात त्यांचं नातं मॅट्रिक्सच्या ग्रुपशी जोडलं, म्हणून नाव त्याचं लागलं. वर्गाच्या जागी दुसरा कुठलाही धन घात घेतला की जॅक बहुपदी मिळतात. हेन्री जॅक या स्कॉटिश गणितज्ञाने त्या १९७० च्या सुमारास मांडल्या. घात १ घेतला तर संख्याशास्त्रातल्या झोनल बहुपदी.

रूट सिस्टीम म्हणजे काय? व्याख्या वाचून काहीच डोळ्यांसमोर येत नाही.

व्याख्या बाजूला ठेवा आणि काच मंदिरात जाऊन या. इतवारिया बाजारातलं ते हुकुमचंद शेठजींचं जैन मंदिर, भिंतीपासून छतापर्यंत काचाच काचा. दोन आरसे एकमेकांशी ६० अंशांचा कोन करून उभे असतील तर त्यांच्यामधल्या वस्तूच्या, मूळ वस्तू धरून, सहा प्रती दिसतात. ४५ अंशांना आठ, ३० अंशांना बारा. आरसे समोरासमोर समांतर असतील तर प्रती संपतच नाहीत. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे परत यायचं आहे.

रूट सिस्टीम म्हणजे अशा आरशांना काटकोनात उभे असलेले बाण, प्रत्येक आरशाच्या दोन्ही बाजूंना एकेक. अटी दोन. पहिली : कोणत्याही आरशात बघितलं तरी बाणांचा संच स्वतःवरच पडला पाहिजे. दुसरी : एका बाणाचं दुसऱ्याच्या आरशात परावर्तन केलं की जो फरक पडतो, तो त्या दुसऱ्या बाणाच्या पूर्णांक पटीत असला पाहिजे. दुसरी अट साधी दिसते, पण तिच्यामुळे शेजारच्या दोन आरशांमधला कोन ९०, ६०, ४५ किंवा ३० अंश एवढाच उरतो. ६० अंशांची आकृती म्हणजे ए-२, तिच्यात सहा बाण. ४५ अंशांची बी-२, आठ बाण. ३० अंशांची जी-२, बारा बाण.

मितींवर बंधन न घालता किलिंगने १८८८ ते १८९० मध्ये आणि कार्तांने १८९४ मध्ये, एकमेकांशी काटकोनातल्या तुकड्यांत न फुटणाऱ्या सिस्टीमची पूर्ण यादी मिळवली : ए, बी, सी, डी या चार अनंत मालिका आणि ई-६, ई-७, ई-८, एफ-४, जी-२ हे पाच अपवाद. ई-८ मध्ये २४० बाण आहेत, आणि त्याच्या आरशांतून निघणाऱ्या ग्रुपमध्ये ६९,६७,२९,६०० घटक आहेत. या ग्रुपला वाइल ग्रुप म्हणतात.

मग बहुपदींचा आणि आरशांचा संबंध कुठे येतो?

मला या विषयात सगळ्यात प्रिय असलेली जागा हीच आहे, म्हणून सावकाश सांगतो.

दोन चलांची अदलाबदल हे स्वतःच एक परावर्तन आहे. क्ष आणि य यांची जागा बदलणं म्हणजे क्ष = य या आरशात बघणं. तीन चल घेतले तर आरसे तीन, आणि ते ए-२ चेच आरसे. चल कितीही घ्या, सममित बहुपदी म्हणजे ए मालिकेच्या आरशांत बघून न बदलणारी बहुपदी. “सममित” या शब्दात ए मालिका आधीपासूनच बसलेली होती, कोणी तिचं नाव घेत नव्हतं एवढंच.

आता भारफलन बघा. एकक वर्तुळावर क्ष आणि य यांच्यातल्या अंतराचा वर्ग म्हणजे (१ − क्ष/य)(१ − य/क्ष). हे क्ष/य आणि य/क्ष म्हणजे घातांक रूपात लिहिलेले ए मालिकेचे दोन विरुद्ध बाण. म्हणजे शुर बहुपदींचं भारफलन हा प्रत्येक बाणामागे (१ − बाण) असा एकेक अवयव घेऊन केलेला गुणाकार आहे. जॅक बहुपदींसाठी त्याच गुणाकाराचा एखादा घात.

एकदा असं लिहिलं की ए मालिकेला चिकटून राहायचं कारणच उरत नाही. कुठलीही रूट सिस्टीम घ्या, तिच्या सगळ्या बाणांवर हाच गुणाकार करा, तिच्या वाइल ग्रुपखाली न बदलणारी फलनं घ्या आणि त्यांना या भारफलनाने परस्परलंब करा. त्या रूट सिस्टीमचं स्वतःचं कुटुंब मिळतं. हेकमन आणि ओप्डॅम यांनी १९८७ पासूनच्या लेखमालेत ही याकोबी बहुपदींची कुटुंबं उभी केली. आरसे आणि भाराचा घात ठरला की कुटुंब ठरलं. बाकीचा सगळा विषय याच वाक्याचा विस्तार आहे, असं मी मानतो.

सगळ्यात सोपं उदाहरण कोणतं?

ए-१ : एकच आरसा, दोन बाण. चल एकक वर्तुळावर, त्याचा कोन थीटा. आरसा कोनाचं चिन्ह बदलतो, म्हणून न बदलणारी फलनं म्हणजे कॉस थीटाच्या बहुपदी. भारफलन साइन थीटाच्या वर्गाचा के-वा घात. (पुढचा ४ चा गुणक सोडून द्या.)

के = ० घ्या : पहिल्या प्रकारच्या चेबिशेव्ह बहुपदी. के = १ : दुसऱ्या प्रकारच्या चेबिशेव्ह. के = १/२ : लेजांद्र. मधल्या सगळ्या किमतींना गेगेनबाउअर. बीएस्सीला ही नावं वेगवेगळ्या प्रकरणांत, वेगवेगळ्या डिफरन्शियल समीकरणांसकट पाठ करावी लागतात, आणि ती सगळी एका आरशाची आहेत. मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो : वरच्या तीन किमती स्वतः घालून बघा. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

क्यू आणि टी हे दोन पॅरामीटर कुठून आले?

टी भाराच्या घाताची जागा घेतो आणि क्यू समांतर आरशांचा आहे.

समोरासमोरच्या आरशांत प्रती संपत नाहीत, हे वर आलंच. रूट सिस्टीमच्या प्रत्येक आरशाला समान अंतरांवर असे अनंत समांतर भाऊ जोडले की ॲफाइन रूट सिस्टीम होते. घातांक रूपात एकेक पायरी सरकणं म्हणजे क्यूने गुणणं. म्हणून भारफलनात आता प्रत्येक बाणामागे (१ − बाण)(१ − क्यू·बाण)(१ − क्यू²·बाण)… असा अनंत गुणाकार अंशात येतो, आणि छेदात तोच गुणाकार, फक्त बाणाच्या जागी टी·बाण. टी जर क्यूचा के-वा घात असेल तर छेद बराचसा कटतो आणि के अवयव उरतात. मग क्यूला १ कडे नेलं की (१ − बाण) चा के-वा घात, म्हणजे हेकमन-ओप्डॅमचं भारफलन परत येतं.

इयान मॅकडोनल्ड (१९२८–२०२३) यांनी १९८७ मध्ये ही मांडणी केली. त्यांचा तो हस्तलिखित लेख वर्षानुवर्षं हातोहात फिरला आणि छापून आला २००० साली.

एखादी मॅकडोनल्ड बहुपदी हाताने काढून दाखवाल का?

जरूर. ए मालिकेत, घात २. विभाजनं दोन : २ आणि १+१. वर्गांच्या बेरजेला व म्हणू, आणि दोन-दोन चलांच्या गुणाकारांच्या बेरजेला ज. आपल्याला व + स·ज अशी बहुपदी हवी, जी ज ला लंब असेल.

ए मालिकेत वर्तुळांवरच्या इंटिग्रलऐवजी एक सोयीचा आंतरगुणाकार चालतो. तो घातांच्या बेरजांवर सांगितलेला आहे आणि त्याने त्याच बहुपदी परस्परलंब ठरतात. चलांच्या बेरजेला ब म्हणा. ब² आणि व एकमेकांना लंब. व चा स्वतःशी गुणाकार २(१ − क्यू²)/(१ − टी²). ब² चा स्वतःशी गुणाकार २(१ − क्यू)²/(१ − टी)². आणि ज = (ब² − व)/२.

अट मांडली, सोडवली, की

स = (१ + क्यू)(१ − टी) / (१ − क्यू·टी).

कागदावर चार-पाच ओळींचं काम आहे. आता या एका सहगुणकाकडे नीट बघा. क्यू = टी घातलं तर स = १, ही शुर बहुपदी. क्यू = ० घातलं तर स = १ − टी, ही हॉल-लिटलवुड. टी = १ घातलं तर स = ०, नुसती एकपदींची बेरीज. क्यू = १ घातलं तर स = २, म्हणजे ब². आणि क्यू हा टी चा अल्फा-वा घात धरून टी ला १ कडे नेलं तर स = २/(१ + अल्फा), जॅक. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांसाठी शोधलेली कुटुंबं एका अपूर्णांकात उभी आहेत. मला हे प्रत्येक वेळी फळ्यावर लिहिताना तितकंच सुंदर वाटतं.

ग्रॅम-श्मिट केलं की झालं, मग यात प्रमेय ते काय राहिलं?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मी नेहमी कौतुक करतो. ग्रॅम-श्मिट म्हणजे एकेक सदिश घेऊन त्याला आधीच्या सगळ्यांना लंब करत जायचं. अडचण क्रमाची आहे. मॅकडोनल्ड बहुपदींच्या व्याख्येत असं म्हटलंय की प्रत्येक बहुपदीत स्वतःची एकपदी-बेरीज आणि तिच्याहून “खालच्या” बेरजाच याव्यात. हा खाली-वर क्रम (पहिल्या एक, दोन, तीन… भागांच्या बेरजा ताडून ठरणारा) ५ पर्यंतच्या संख्यांच्या विभाजनांना एका रांगेत लावतो, पण ६ ला रांग तुटते : ४+१+१ आणि ३+३ यांच्यात वर कोण हे ठरत नाही. ग्रॅम-श्मिटला पूर्ण रांग लागते. ती कशीही बनवली तरी उत्तर तेच येतं, हे आपोआप घडणारं नाही.

मॅकडोनल्डने त्यासाठी एक ऑपरेटर दिला. तो एकेका चलाला क्यूने गुणतो, पुढे एक ठराविक अपूर्णांक लावतो आणि सगळ्यांची बेरीज घेतो. हा ऑपरेटर स्वसंलग्न आहे (आंतरगुणाकारात कोणत्याही बाजूला लावला तरी उत्तर तेच), क्रमात खालीच उतरतो, आणि वेगळ्या विभाजनांना वेगळ्या आयगेनव्हॅल्यू देतो. दोन चलांत २ या विभाजनाची आयगेनव्हॅल्यू क्यू²·टी + १, आणि १+१ ची क्यू·टी + क्यू. अशा ऑपरेटरचे वेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे सदिश परस्परलंब असतात, हे तर मॅट्रिक्सच्या पहिल्याच पाठात येतं. प्रश्न मिटला.

इतर रूट सिस्टीममध्ये असा ऑपरेटर बनवायला मिनस्क्यूल नावाचं एक खास छोटं वजन (रूट सिस्टीमशी जुळणारा एक सदिश, भारफलन नव्हे) लागतं, आणि ई-८, एफ-४, जी-२ यांच्याकडे ते नाही. तिथे वेगळी तजवीज करावी लागली. सगळ्यांना एकाच रीतीने पुरणारी वाट चेरेडनिकच्या दुहेरी ॲफाइन हेके बीजगणितातून निघाली.

बी, सी, डी यांचं काय?

तिथे अदलाबदलीबरोबर चलाचा व्यस्त घेणंही आरशांत येतं. (डी मध्ये व्यस्त जोडीजोडीने.) बीसी नावाची एक जास्तीची मालिका आहे, तिच्यात एका बाणाच्या दुपटीचा बाणही चालतो, आणि तीच सर्वांत समृद्ध. एका चलात तिथे ॲस्की आणि विल्सन यांच्या १९८५ च्या बहुपदी आहेत, क्यूखेरीज चार पॅरामीटरच्या. अनेक चलांत कोर्नविंडरने १९९२ मध्ये त्यांचं कुटुंब दिलं, क्यूखेरीज पाच पॅरामीटरचं.

स्थिर पदाच्या अटकळी म्हणजे काय? त्यांचं एवढं नाव का?

भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसनला १९६२ मध्ये रँडम मॅट्रिक्सचा अभ्यास करताना हा प्रश्न पडला : सगळ्या जोड्यांवरचा (१ − क्ष/य) चा गुणाकार घ्या, दोन्ही दिशांनी, त्याचा के-वा घात करा, कंस सोडवा. चल नसलेलं पद कोणतं? त्याचा अंदाज : चल एन असतील तर (एन·के)! भागिले (के!) चा एन-वा घात. दोन चल, के = १ : (१ − क्ष/य)(१ − य/क्ष) सोडवून २ येतं, सूत्रानेही २. तीन चल, के = २ : सूत्राने ७२०/८ = ९०. त्याच वर्षी गन्सन आणि विल्सन (हे केनेथ विल्सन, ॲस्कींच्या जोडीचे विल्सन वेगळे) यांनी वेगवेगळ्या सिद्धता दिल्या, आणि १९७० मध्ये गुडने अगदी छोटी.

१९८२ मध्ये मॅकडोनल्डने विचारलं की बाण कोणत्याही रूट सिस्टीमचे घेतले तर? प्रत्येक रूट सिस्टीमला काही पूर्णांक जोडलेले असतात, त्यांना घातसंख्या म्हणू. ए-२ च्या २ आणि ३, जी-२ च्या २ आणि ६. अटकळ अशी की स्थिर पद म्हणजे प्रत्येक घातसंख्येमागे “के × घातसंख्या वस्तूंतून के वस्तू निवडण्याचे प्रकार” यांचा गुणाकार. ए-२ ला के = २ घालून बघा : ४ तून २ म्हणजे ६, ६ तून २ म्हणजे १५, गुणाकार ९०. डायसनशी जुळलं. के = १ ला उत्तर नुसता घातसंख्यांचा गुणाकार, आणि तो वाइल ग्रुपचा आकार : जी-२ ला १२, ई-८ ला वर दिलेली ती नऊ आकडी संख्या.

ओप्डॅमने १९८९ मध्ये सर्व रूट सिस्टीमसाठी हे एकदम सिद्ध केलं. क्यू असलेलं रूप चेरेडनिकने १९९५ मध्ये. नाव होण्याचं कारण हेच की ई-८ ची आकडेमोड न करता, ए-१ ला लागू पडणारा युक्तिवादच ई-८ ला लागू पडला.

भारतीय गणितज्ञांचा यात कुठे हात आहे का?

पायातच आहे. कानपूरला जन्मलेल्या हरीश-चंद्र (१९२३–१९८३) यांनी सममित अवकाशांवरच्या (गोलासारख्या, भरपूर सममिती असलेल्या अवकाशांवरच्या) गोलीय फलनांचा सिद्धांत १९५८ मध्ये उभा केला. के च्या काही खास किमतींना ती फलनं आणि हेकमन-ओप्डॅमची फलनं एकच आहेत. हरीश-चंद्रांकडे के भूमितीने ठरवून दिलेला होता, पुढच्या लोकांनी त्याला मोकळं सोडलं.

आणि रामानुजन. क्यू घातलेल्या ए-१ च्या बहुपदी एल. जे. रॉजर्सने १८९० च्या दशकातच शोधल्या होत्या, आणि त्याच लेखमालेत त्याला क्यूची अनंत बेरीज आणि अनंत गुणाकार यांना जोडणारी दोन सूत्रं मिळाली. कोणी लक्ष दिलं नाही. रामानुजनना तीच सूत्रं स्वतंत्रपणे सापडली, आणि १९१७ मध्ये जुने अंक चाळताना रॉजर्सचा लेख त्यांच्याच हाती लागला. म्हणून ती आज रॉजर्स-रामानुजन सूत्रं आहेत.

भौतिकशास्त्रात उपयोग?

हो. वर्तुळावर फिरणाऱ्या कणांच्या प्रत्येक जोडीची स्थितिज ऊर्जा त्यांच्यातल्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, असं सदरलँडचं १९७१ चं मॉडेल आहे. त्याच्या ऊर्जा-अवस्था जॅक बहुपदींनी अचूक लिहिता येतात.

इंदूरात राहून हे शिकता येईल का? काय वाचावं?

येईल. सममित फलनांवरचा मॅकडोनल्डचा ग्रंथ १९७९ चा, पण १९९५ ची दुसरी आवृत्तीच घ्या, कारण क्यू-टी बहुपदींचं सहावं प्रकरण तिच्यातच आहे. पहिलं प्रकरण उदाहरणांसकट करा, मग थेट सहावं. रूट सिस्टीमसाठी आधी ए-२, बी-२, जी-२ कागदावर पट्टी-कोनमापकाने काढा. आकडेमोड तपासायला सेजमॅथ हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मॅकडोनल्ड बहुपदी तयार मिळतात. पण घात ३ पर्यंतचं आधी हाताने करा. २+१ या विभाजनाचा एकच सहगुणक येतो आणि तासाभरात निघतो.

मुलगी एमएस्सीला हा विषय घेऊ म्हणते. घेऊ द्यावा का?

काका-काकूंनो, घेऊ द्या. यात बीजगणित, विश्लेषण आणि कॉम्बिनेटोरिक्स तिन्ही लागतात. पुढे यातल्या कुठल्याही एका वाटेने जाता येतं, आणि सोबत संगणकावर हिशेब करायची सवयही लागते.

अजून न सुटलेलं काय आहे?

माझ्या मते सगळ्यात खुणावणारा प्रश्न हा. मॅकडोनल्ड बहुपदींना योग्य तऱ्हेने थोडं बदलून शुर बहुपदींत लिहिलं की जे सहगुणक येतात, ते क्यू आणि टी च्या बहुपदी असतात आणि त्यांतले आकडे कधीच ऋण नसतात. ही मॅकडोनल्डची अटकळ मार्क हेमनने २००१ मध्ये हिल्बर्ट स्कीमच्या (प्रतलावरच्या बिंदूंच्या समूहांचा अवकाश) भूमितीतून सिद्ध केली. २००५ मध्ये हॅग्लंड, हेमन आणि लोहर यांनी या बहुपदींसाठी चौकटी भरून मोजायचं सूत्रही दिलं. पण ते एकपदींत आहे. शुर बहुपदींतले सहगुणक कोणत्या वस्तू मोजतात, हे सर्व विभाजनांसाठी अजून कोणी सांगितलेलं नाही. आकडे धन पूर्णांक आहेत एवढं पक्कं, म्हणजे मोजायला काहीतरी असणारच. घात ४ चे तक्ते आमच्या वर्गाच्या वहीत आहेत. ज्याला हवेत त्याने रविवारी येऊन उतरवून घ्यावेत.